वाणाची वाटी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो गेला तेव्हाही नाही. तुम्ही बसा, सांगते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. गांधीबागेतल्या एका छापखान्यातून आमच्या पक्षाचं साप्ताहिक निघायचं. त्यात 'जागल्या' या नावानं कोणीतरी लिहायचं — ते कोणीतरी म्हणजे मी. चौथी शिकलेली बाई! संपादक सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. रविवारी वॉर्डाच्या बैठकीत आधी 'जागल्या' मोठ्यानं वाचायचे, मग पक्षाचं मत ठरायचं. अध्यक्षसुद्धा विचारायचे, "जागल्या काय म्हणून राहिला?" असं झाल्यावर डोकं ठिकाणावर राहतं का हो कोणाचं?

कुसुम माझी शेजारीण, पक्षातली जुनी. तिचं म्हणणं, वस्तीत नळ आणायचे तर विरोधी पक्षासोबत मिळून मोर्चा काढा. लोकांना पटत होतं. निवडणुकीचं तिकीटही तिलाच, असं बोलत होते. आणि मला — काय सांगू — ते बघवत नव्हतं.

संक्रांतीला विरोधी पुढाऱ्याच्या घरी हळदीकुंकू होतं. कुसुम गेली. मी लिहिलं — नळाचं नुसतं नाव, आमची बाई एका स्टीलच्या वाटीत विकली गेली.

रविवारी ते वाचलं तेव्हा ती माझ्या बाजूलाच बसली होती. "वाटी तं दाखव वं कुसुम, केवढी आहे?" मागून कोणी ओरडलं. सगळे हसले. मीही. सगळ्यात मोठ्यानं. तिची मान खाली गेली, आणि मजा आली मला — खोटं कशाला बोलू?

अध्यक्षांनी विचारलं, "काहून गेल्या होत्या, कुसुमबाई? सोबत आणखी कोण होतं?"

मी होते. तिला यायचंच नव्हतं. मीच हात धरून ओढत नेलं होतं. माझ्याही हातात तसलीच वाटी पडली होती.

कुसुमनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कोणी नाही. एकटीच गेली होती."

तेव्हा तरी थांबायचं ना मी? घरी आले, भाकरी टाकल्या, आणि पुढच्या अंकासाठी लिहायला बसले — 'एकटीच गेली, म्हणजे चोरूनच गेली.'

तिला पक्षातून काढलं. मोर्चा मोडला. त्यानंतर विरोधकांशी बोलायचं नाव कोणी काढलं नाही. नळ यायला कितीतरी वर्षं गेली, तोवर आम्ही दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायचो. ती माझी घागर डोक्यावर चढवून द्यायची.

ती वाटी अजून आहे. तिच्यात मी रोज विरजण लावते.