चेकरबाईंच्या घरातला आठवा शॉट

शर्टाच्या कारखान्यात अठरा वर्षं त्या एकाच टेबलाशी उभ्या होत्या. येणारा प्रत्येक शर्ट उलटा करायचा, शिवण ताणून बघायची, लोंबणारे दोरे कापायचे आणि खोट सापडली की खडूची फुली मारून परत पाठवायचा. "लोक दुसऱ्याच्या चुका फुकट काढतात, मला त्याचा पगार मिळतो," असं त्या स्वतःच सांगायच्या. शिलाईवरच्या बायका त्यांना तोंडावर चेकरबाई म्हणत आणि पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवरा सोडून गेला तेव्हा पदरात सहा वर्षांची पोर होती. दुसऱ्याच दिवशी ही बाई वेळेवर कामावर हजर झाली, आणि काळीज दगडाचं आहे असं सगळ्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

एका गोष्टीचा मात्र चेकरबाईंना अभिमान होता. लेकीसमोर तिच्या बापाबद्दल त्यांनी कधी एक वाकडा शब्द काढला नव्हता. "आमचं पटलं नाही," एवढंच. चार वर्षांपूर्वी तो कुठेतरी लांब वारल्याचं कळलं, तेव्हाही लेकीला जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "चांगला होता गं तुझा बाप." हे वाक्य घशातून बाहेर काढताना काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत.

लेक आता फिल्मच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पंधरा मिनिटांची फिल्म करायची आणि तिच्यावर निकाल. गोष्ट कसली, असं विचारलं तर "एका मुलीची आहे" म्हणून तिने विषय मिटवला. त्या गोष्टीसाठी दोन खोल्यांचं घर हवं होतं आणि तिथेच घोडं अडलं होतं. लेक आणि तिची कॅमेरावाली मैत्रीण तीन आठवडे वणवण करत होत्या, पण दोन अनोळखी पोरींना कोण घरात घेतंय? शेवटी सुट्टीच्या दिवशी चेकरबाई बरोबर निघाल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणायची सहसा कुणाची छाती होत नसे.

पहिल्या घरामागे वेल्डिंगचं दुकान होतं. तिथे एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. दुसऱ्या घराची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती, दहानंतर उजेडाच्या नावाने शंख. तिसऱ्या घराचे मालक रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी खोल्या दाखवायच्या आधी आपला आवाज दाखवला आणि "आजोबाचं काम असेल तर मी तयार आहे" असं तीनदा सांगितलं. कॅमेरावालीला ते घर आवडलं होतं. लेकीने मान हलवली.

"नाही चालणार. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेरचं दार सरळ समोर दिसलं पाहिजे. आणि त्या दाराशेजारी जिन्यावर उघडणारी खिडकी हवी." तिने वहीत चौकोन काढून दाखवले.

चेकरबाईंनी चष्मा वर करून वही बघितली. "अगं, हे तर आपलंच घर झालं! मग उन्हातान्हात कशाला फिरवतेस आम्हाला?"

"आपलं नको."

"का? माझं घर काय कॅमेऱ्यात दिसायच्या लायकीचं नाही?"

लेक काहीतरी पुटपुटली, पण कॅमेरावालीने काकूंचा हातच धरला. चेकरबाईही हट्टाला पेटल्या. आपण होऊन दुखणं घरात आणतोय याची त्या माउलीला कल्पना नव्हती.

पुढच्या सुट्टीला दोघी सकाळीच आल्या, हातात मोजपट्टी आणि रंगीत चिकटपट्ट्या. चेकरबाईंनी पडदे धुतले होते, पलंगावर नवी चादर घातली होती. लेकीने ती काढून जुनी घातली. फिल्ममधल्या आईचं काम करणारी बाई शूटिंगच्या दिवशीच येणार होती, म्हणून मोजमापापुरती कुणीतरी तिच्या जागी उभं राहायला हवं होतं.

"काकू, तुम्ही उभ्या राहाल?"

काकू तेवढ्याचीच वाट बघत होत्या. पाच मिनिटांत त्यांना गोडी लागली. जमिनीवर चिकटपट्टीची फुली असेल तिथे जायचं, थांबायचं, कॅमेरावाली फोटो काढणार, लेक वहीत नंबर टाकणार. पहिल्या शॉटला भांडी विसळायची. दुसऱ्याला मुलीला स्वयंपाकघरात सतरंजीवर झोपवायचं. "मुलगी कुठाय?" म्हणून त्यांनी उशीलाच थोपटलं, तेव्हा तिघी हसल्या. पाचव्याला दारावर थाप पडते. सहाव्याला स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं. सातव्याला बाहेरच्या दाराची कडी घालायची.

त्यांनी कडी घातली. हात तसाच कडीवर राहिला.

"मग उघडायचं कधी?"

"उघडतच नाही ती, काकू," कॅमेरावाली म्हणाली आणि आठव्या शॉटसाठी स्वयंपाकघरात गेली. ती उभी राहून बघायला लागली तेव्हा लेक म्हणाली, "खाली." ती गुडघ्यांवर बसली. "अजून खाली." शेवटी ती पोर फरशीवर पालथी पडली.

"इतक्या खालून? कोण बघतंय?"

"मुलगी. सहा वर्षांची आहे, उकिडवी बसलीय. आई समजते ती झोपलीय." लेकीने स्वयंपाकघराचं दार हाताने पुढे ढकललं आणि चार बोटांची फट ठेवली. "एवढी."

चेकरबाई बाहेरच्या खोलीत उभ्या राहून त्या फटीकडे बघत होत्या. सोळा वर्षं त्या समजत होत्या की नवरा गेला त्या दुपारी पोर गाढ झोपली होती. त्या भरवशावर त्यांनी आजवरचं सगळं रचलं होतं.

"दाराबाहेर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"बाबा."

"काय म्हणतात बाबा?"

लेकीने वहीत डोकं घातलं. "'एकदाच तिला बघू दे.' तेवढंच वाक्य आहे त्यांना."

तो तसं म्हणाला नव्हता. "माझी सर्टिफिकेटांची फाइल दे, खाली गाडी थांबलीय," असं म्हणाला होता. जिन्यावर त्याच्या मागे ती दुसरी बाई उभी होती; खिडकीतून तिची साडी दिसत होती. दार उघडलं तर पोर धावत जाऊन बापाला बिलगेल आणि तो तिचे हात सोडवून जाईल, या धास्तीने त्यांनी कडी घातली होती. फाइल खिडकीच्या गजांतून बाहेर दिली. त्याने तिथेच उभं राहून कागद तपासले आणि तो उतरून गेला. पावलं वाजायची थांबली तरी त्या दाराला कपाळ टेकून उभ्याच होत्या, मागे वळून निदान पोरीचं तरी विचारेल म्हणून. त्याने तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

हे एक वाक्य जिभेवर आलं होतं. का नाही सांगायचं? गोवर, टायफॉइड, शाळेची अ‍ॅडमिशन, कॉलेजची फी, सगळं एकटीने निस्तरलं, आणि फिल्ममध्ये बिचारा कोण, तर तो! संतापाने त्यांचे कान गरम झाले. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात लेक वर न बघता म्हणाली, "आई, असंच म्हणाले होते ना? मला तेव्हा नीट ऐकू आलं नव्हतं." आवाज एवढासा झाला होता. पेन हातात तसंच थांबलेलं.

"हो," चेकरबाई म्हणाल्या. "दोनदा म्हणाला."

बोलून गेल्या आणि तोंड कडू झालं. आपण काही मोठं केलं असं त्यांना मुळीच वाटलं नाही. त्या मेलेल्या माणसाचा राग आला, आपला आला, आणि खोटं का होईना, लेकीचा चेहरा खुलला म्हणून लेकीचाही आला. लेकीने वहीत 'दोनदा' लिहून त्याच्याखाली रेघ मारली.

"मग तू उघडलं का नाहीस?"

याचं खरं उत्तर त्यांनी मघाच्या 'हो'नेच बंद करून टाकलं होतं. चेकरबाई चष्मा पुसत राहिल्या. लेकीने वहीचं पान उलटलं.

"काकू, फुलीवर या ना," कॅमेरावालीने फरशीवरून हाक मारली. "दाराकडे तोंड करा. हां. अगं, पण नुसती पाठच दिसतेय. काकूंच्या पुढून एक शॉट घेऊ या का? चेहरा दिसेल."

चेकरबाईंनी मान वळवून लेकीकडे पाहिलं.

"नको," लेक म्हणाली. "मी बसले होते तिथून कुठे दिसत होता तिचा चेहरा?"

चेकरबाई पुन्हा दाराकडे वळून उभ्या राहिल्या.