उणे पाच चादरी

पुण्यात मी वॉशिंग मशीनच्या आतल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहायचे. नवऱ्याची दिल्लीला बदली झाली, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळालं, पण माझ्या कामाची नोकरी काही मिळेना. शेवटी करोल बागेत, गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, एका छोट्या वेबसाइट कंपनीत लागले. प्रोग्रॅमिंग तर येतंच, वेब शिकायला असा कितीसा वेळ लागणार, असं वाटलं होतं.

टीम लीड माझ्याहून बराच लहान. पहिल्याच दिवशी त्याने एक बटण पानाच्या मधोमध आणायला सांगितलं. अर्धा दिवस मी झगडले. बटण कधी डावीकडे चिकटायचं, कधी फोनवर पाहिलं की गायबच. माझ्या जुन्या कामात चूक झाली की मशीन अडून बसायचं. इथे कोणी तक्रारच करत नाही, पान नुसतं वाकडं दिसतं. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम जी, ये वॉशिंग मशीन नहीं है. यहाँ लोगों को दिखता है."

सगळे हसले. माझ्या खांद्यावरून हात घालून त्याने दोन ओळी टाइप केल्या, बटण जागेवर आलं, आणि काही न समजावता तो निघून गेला. त्या ओळी मी घरी बसून समजून घेतल्या. त्याला विचारण्यापेक्षा नोकरी सोडली असती.

"अगं, विषय नवा आहे, होईल हळूहळू," नवरा म्हणाला. मी त्याच्यावरही डाफरले.

पुढे पानिपतच्या एका चादरींच्या व्यापाऱ्याची साइट आली. त्यातला ऑर्डरचा फॉर्म माझ्याकडे होता. कोड वाचताना दिसलं की गिऱ्हाइकाने टाकलेला आकडा फक्त ब्राउझरमध्ये तपासला जातो. सर्व्हर येईल ते मुकाट्याने घेतो. आणि ब्राउझर तर गिऱ्हाइकाच्या हातात, तपासणी काढून तो काहीही भरू शकतो! मी लीडला सांगितलं.

"कौन बैठ के ऐसा करेगा, यार? आप पहले बटन सीधा करना सीखो."

काही दिवसांनी पुन्हा सांगितलं. त्याने हेडफोन काढलेसुद्धा नाहीत.

साइट दाखवायच्या दिवशी व्यापारी स्वतः आला. आमचा मालकही बसला होता. लीड रुबाबात एकेक पान दाखवत होता. व्यापाऱ्याने विचारलं, "कोई उल्टा-सीधा ऑर्डर तो नहीं डाल देगा?"

"बिल्कुल नहीं, अंकल."

"मैं डाल के दिखाऊँ?" मी म्हटलं.

लीडने डोळे वटारले. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला, ब्राउझरमधली ती तपासणी काढून टाकली, चादरींच्या रकान्यात उणे पाच लिहिलं आणि बटण दाबलं. 'धन्यवाद, आपका ऑर्डर मिल गया,' असं झळकलं.

व्यापाऱ्याने चष्मा लावून स्क्रीन निरखली. "मतलब, पाँच चादरें उल्टा मुझे लेनी हैं उससे?"

कोणी हसलं नाही. मला मात्र फार बरं वाटलं.

व्यापारी गेल्यावर लीडने मला जिन्यात गाठलं. "क्लायंट के सामने? शर्म नहीं आई?"

"आपको दो बार बताया था."

"तो तीसरी बार बतातीं!"

मालकाने सर्व्हरचं काम माझ्याकडे दिलं. आकडे तपासायचा सगळा कोड मी नव्याने लिहिला, आणि ते काम मला मनापासून आवडलं. त्या दिवसापासून लीड माझ्याशी बोलला नाही. समोरासमोर बसून तो निरोप पाठवायचा, तोही दुसऱ्याच्या तोंडून. मीही त्याला कधी 'गुड मॉर्निंग' म्हटलं नाही.

वर्षभराने नोएडात चांगली नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी ऑफिसात माझ्यासाठी केक कापला, तेव्हा तो फोन कानाला लावून खाली रस्त्यावर फेऱ्या मारत होता. निघताना मी त्याच्या शेजारून गेले. त्याने मान दुसरीकडे वळवली. मीही थांबले नाही, सरळ मेट्रो गाठली.