मेव्हण्यानं न घेतलेली तलवार

औरादपासून भालकीपर्यंत माझ्या धाकट्या मेव्हण्याएवढा चिवट माणूस दुसरा सापडायचा नाही. जन्माला येतानाही यानं देवाशी भाव केला असणार, आणि देवच कंटाळून म्हणाला असेल, जा बाबा, फुकट जा. बैलबाजारात दलाल आहे तो. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातावर टॉवेल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबतात, म्हणजे बघणाऱ्याला काही कळत नाही. ही सवय याच्या अंगात इतकी भिनली आहे की कमलनगरच्या स्टँडवर केळी घेताना यानं केळीवालीच्याच हातावर टॉवेल टाकला. तिनं हात झटकून कन्नडमधून अशा शिव्या घातल्या की सुटलेली जीप थांबली. वर हा मलाच सांगतो, "बाई तयार व्हती दाजी, पर भाव लई सांगायली."

त्याची दुसरी विद्या म्हणजे उठून जाणं. भाव ऐकला की हा उठणार, धोतर झटकणार आणि पाठ फिरवून हळूहळू चालायला लागणार. मागून हाक आली की दहातले दोन रुपये कमी झाले, असा त्याचा हिशेब. एकदा चपलेच्या दुकानातून असाच निघाला. हाक काही येईना. मागं वळून बघणं म्हणजे हरणं, म्हणून तसाच चालत घरी आला, तेही अनवाणी, कारण जुन्या चपला त्या दुकानातच राहिल्या होत्या. पुतणीसाठी स्थळ बघायला याला नेलं, तर नवऱ्या मुलाला म्हणाला, "जरा आ करा बगू." स्थळ मोडलं. पोराचे दात किडलेले होते, हे मात्र खरं.

गेल्या साली माझी बायको, म्हणजे याची थोरली बहीण सोजर, गेली. तेव्हापासून हा रोज दुपारी माझ्याकडं येऊन बसायचा. समजूत घालायला त्याला येत नाही आणि घालून घ्यायला मला येत नाही. नुसते बसायचो. मग त्यानं कुणाकडून तरी जुना मोबाईल घेतला, आणि आधीच्या मालकाचा एक खेळ त्यातच राहिला होता. खेळ कसला, डोंबलाचा! एक लढवय्यी बाई, हातात विळ्याएवढी तलवार. तिला चालवत न्यायचं, गवत कापायचं, उंदीर मारायचे. एवढं तर आमच्या घरची जन्मभर करत आली, त्याला मोबाईल कशाला पाहिजे? थोडं पुढं गेलं की एक दरवाजा येतो आणि दारात राक्षस. त्याला मारायचं तर मोठी तलवार पाहिजे, आणि ती विकायला एक ढेरपोट्या शेठजी पडद्यावर येतो. बोट लावलं तरी येतो, नाही लावलं तरी येतो. आपण शिंकलो तरी हात जोडून हजर.

एक दिवस मी भाकरी खात होतो आणि त्याचा फोन टुंग करून वाजला. वर लिहून आलं होतं, "सोजर आपकी राह देख रही है." घास हातातच राहिला.

"ह्ये काय रं?"

"खेळानं बाईचं नाव इचारलं, दाजी. दुसरं कोनतं आटवलं न्हाई."

"तुला तुजी बायकू हाय की. तिचं टाकायचं."

"ती जित्ती हाय."



एकदाच त्यानं तिला राक्षसावर घातली. एका फटक्यात आडवी झाली. "सोजर गिर गई," असं आलं आणि लगेच तो मेला शेठजी हजर, तिला परत उठवायचे हिरे विकायला. नाही घेतले तर उद्यापर्यंत थांबा म्हणे. आम्ही थांबलो. एकमेकांकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती उठली. तेव्हापासून यानं तिला दरवाजाच्या अलीकडं एका झाडाखाली उभी करून ठेवली आणि शेठजीबरोबर तलवारीचा सौदा मांडला.

सौदा म्हणजे कसा? शेठजीनं भाव सांगितला की हा खेळ बंद करून खिशात टाकायचा. म्हणजे उठून गेला. थोड्या वेळानं फोन टुंग करणार, खास सवलत, फक्त आज. "बगितलाव? हाक मारायलाय!" मग फोनवर टॉवेल टाकून आत तीन बोटं दाबायचा. तीन बोटं पडद्यावरून ओढली गेली की तो फोन समोरच्या पडद्याचाच फोटो काढतो. त्यामुळं त्याच्याकडं त्या शेठजीचे जेवढे फोटो आहेत, तेवढे घरच्या माणसांचे नाहीत.

मला मात्र ते बघवेना. हिच्या नावाची कुणी बंद दारापुढं ताटकळत उभी! जन्मभर ती अशीच उभी राहिली, कधी रेशनच्या रांगेत, कधी दवाखान्याच्या दारात. निदान इथं तरी हिच्यासाठी दार उघडावं, एवढंच माझ्या मनात होतं. मी म्हणालो, "घे की ती तलवार. जाऊ दे तिला आत."

"भाव पडायलाय, दाजी. दम धरा."

"भनीच्या नावाला बी भाव करायलास व्हय रं, चिकट्या?"

तो उठला, धोतर झटकलं आणि पाठ फिरवून हळूहळू निघाला. मी हाक मारली नाही.

मग तो यायचाच बंद झाला. दुपार झाली की घर अंगावर यायला लागलं. मी कामून हाक मारली नाही, म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या आणि बाजाराच्या दिवशी जीप धरून कमलनगरच्या बैलबाजारात गेलो. गुरांच्या हौदाच्या कडेला तो एकटाच मोबाईल घेऊन बसला होता. त्यानं सरकून जागा केली आणि फोन पुढं धरला. शेठजी पार कंबरेत वाकला होता. तलवार मुफ्त. नुसतं बोट लावायचं.

"जिंकलास की रं! आता घे."

त्यानं फोन मांडीवर टेकवला. मग म्हणाला, "भाव पटंना म्हनून थांबलो न्हवतो, दाजी. तलवार घेतली की दार उघडतंय. दार उघडलं की आत जावं लागतंय. तितं अजून कोन बसलंय, कुनाला ठाव? पुन्ना पडली तर? हितं सावलीला हुबी हाय. ऱ्हाऊ द्या."

शेठजी हात जोडून तसाच उभा होता. मेव्हण्याचं बोट काही हलेना. मग मीच माझं बोट लावलं, नको म्हणून. खेळानं विचारलं, पक्का? मी पुन्हा लावलं. शेठजी गेला.

मागं ती झाडाखाली उभी होती. तिच्याकडं एवढं नीट मी कधी बघितलंच नव्हतं. उभ्या जागी तिचे खांदे वर जायचे, खाली यायचे. श्वास चालू होता. बाजार उठेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो.