चार फुटांचं लढाऊ जहाज आणि छातीभर पाणी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. करावे गावात कोळ्याच्या घरात जन्मलो आणि वयाच्या शेहेचाळीसाव्या वर्षापर्यंत गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही. भावकीतले लोक अजून यावरून माझी खेचतात. खेचू देत. मी पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो आणि होडीला रामराम केला.

अशा माणसाने लढाऊ जहाज बांधायला घ्यावं म्हणजे कमालच! जहाज चार फुटांचं, रिमोटवर चालणारं. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, रविवारी सकाळी तलावावर जमतो. खऱ्या युद्धनौकेचं माप लहान करून प्रत्येकाने आपलं जहाज बांधायचं. आत गॅसची छोटी बाटली, आणि त्या गॅसच्या जोराने तोफेतून सुटणारी ज्वारीच्या दाण्याएवढी स्टीलची गोळी. जहाजाच्या बाजू मुद्दाम बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या आणि एकदम पातळ, गोळी आरपार जावी म्हणून. भोकं पडली की पाणी आत शिरतं, आतला पंप ते बाहेर फेकतो. पंप हरला की जहाज तळाला. पण प्रत्येक जहाजाला दोरी आणि फ्लोट बांधलेला असतो. फ्लोट वर येतो, दोरी ओढायची, जहाज काठावर. भोकं बुजवून दोन आठवड्यांत परत तयार. पाण्यात उतरायची कुणालाच गरज नाही. नाहीतर मी कशाला पडतोय या भानगडीत?

तरी टेन्शन होतंच. तोफेची नळी मी जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढली, ती डब्याच्या पिशवीतून घरी आणताना वाटेत कुणी पोलिसाने विचारलं तर काय सांगायचं याची उत्तरं पाठ करत यायचो. गॅसची बाटली बायकोने घरात घेऊ दिली नाही. ती पडवीत ठेवली तर मला उन्हाची धास्ती. रोज तीनदा हात लावून बघायचो, तापली तर नाही ना.

पण खरी भीती बाबाची होती. माझा बाबा आयुष्यभर खाडीत गेला. होडी विकून सहा वर्षं झाली, हृदयात दोन स्टेंट आहेत आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय की कुठे कापू देऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही. होडी गेल्यापासून तो पडवीत बसून असायचा, बोलणं जवळजवळ बंदच. मी जहाजाच्या फासळ्या जोडायला घेतल्या आणि तो उठून आला.

"यो काय हाय?"

"जहाज आहे, बाबा. खेळण्यातलं."

"नाळ वाकरी हाय तुजी." नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, आणि ते खरंच वाकडं होतं. त्या दिवसापासून तो माझ्याबरोबर बसायला लागला. पॉलिश पेपर मारायचा, रंगाचे हात द्यायचा, मला मूर्खात काढायचा. आमच्या घरात मोठ्याने बोललेलं पुन्हा ऐकू यायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी गप्प राहिलो. चूक तिथेच झाली.

त्याचं असं की आमच्या घरात होडीसमोर ती बुडण्याचा शब्द काढत नाहीत. अगदी मस्करीतही नाही. लहानपणी त्यावरून मी मार खाल्लाय. आता म्हाताऱ्याला कसं सांगू, की तू एवढी माया लावून घासतोयस ती होडी बुडवण्यासाठीच असते? जीभच रेटली नाही. मी सांगितलं, तलावात फिरवायची असते, शो असतो.

"मंग मीबी येनार," बाबा म्हणाला.

रविवारी तो नारळ आणि हळदकुंकू घेऊन रिक्षात माझ्या आधी बसला होता.

काठावर त्याने जहाजाच्या नाळेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ग्रुपमधल्यांनी कौतुकाने फोटो काढले. मी त्याला प्लास्टिकच्या स्टुलावर लांब बसवलं, डोळ्यांना गॉगल लावला, आणि मनात ठरवलं की एक फेरी मारायची, कुणाच्या वाटेला जायचं नाही आणि पंप बिघडला म्हणून घरी पळायचं.

पण चौघांना नवीन जहाज दिसलं होतं. पाच मिनिटांत दोघांनी मला कोपऱ्यात घेतलं. टक्, टक्, टक्. डाव्या बाजूला भोकं पडताना मला काठावरून दिसत होती. पंपाची धार सुरू झाली, मग बारीक झाली. जहाज कलायला लागलं. आणि आमच्यातला एक जण उत्साहात ओरडला, "बुडव! बुडव त्याला!"

मी मागे बघितलं. स्टूल रिकामं.

बाबा कमरेएवढ्या पाण्यात होता. लुंगी फुगलेली, दोन्ही हात पुढे, सरळ जहाजाच्या दिशेने.

"बाबा, थांब! दोरी आहे तिला! दोरी आहे!"

त्याने मान वळवली नाही. बाकीच्यांनी तोफा बंद केल्या, सगळे ओरडायला लागले. त्या तलावात दरवर्षी विसर्जन होतं, तळाच्या गाळात बांबू, खिळे, मूर्तींच्या तारा असं काय काय रुतलेलं असतं. बाबाने जहाजाच्या पोटाखाली हात घातला, ते उचलून छातीशी धरलं, आणि एकदम थांबला. पाय अडकला होता. तो ओढत होता आणि निघत नव्हता. पाणी छातीला लागलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

मी कधी उतरलो मला आठवत नाही. आठवतो तो गाळ. पाय खाली जात होता आणि तळ येतच नव्हता. मी मोठमोठ्याने "आई गं, आई गं" म्हणत होतो, हे नंतर ग्रुपवाल्यांनी सांगितलं. बाबापर्यंत पोचलो, त्याच्या पायावरून हात खाली नेला. तार घोट्यापाशी होती. तिथपर्यंत पोचायला डोकं पाण्याखाली घालावं लागलं. तिसऱ्या वेळी तार सुटली. तोवर दोघे जण आत आले होते, त्यांनी आम्हाला ओढून काढलं. जहाज बाबाच्या हातातच होतं.

घोट्यातून रक्त येत होतं. टॉवेल बांधला, तो भिजला. दुसरा बांधला. रिक्षात मी त्याचा पाय मांडीवर घेऊन दाबून धरला होता आणि ते गरम रक्त माझ्या बोटांमधून येतच होतं. मला वाटलं, मी माझ्या हाताने बापाला मारला. एक खेळणं बांधलं आणि बापाला मारला. दवाखान्यात रक्त थांबायला तासभर लागला. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, हृदयाचा ईसीजी काढला. डॉक्टर मला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दुपारी तो घरी खाटेवर पडला होता. मी बाजूला बसलो.

"बाबा, माझं चुकलं. मी तुला खरं सांगितलं नाही. तो खेळच तसला आहे."

"मना ठावं हाय," तो म्हणाला. "येवरं पातल लाकूड कोन लावतं? तवाच समजलं."

"मग कळून पण उतरलास?"

"होरी जाताना सगली उबी ऱ्हाऊन बगत व्हती."

"अरे पण खेळणं आहे ते! तुझा जीव गेला असता!"

"तू कनाला आलास पान्यान? तुना तर पवायला बी येत नाय."

"तू होतास ना तिथे!" मी ओरडलोच.

"मंग," बाबा म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.

तेव्हा मला कळलं, की तो पुन्हा येणार, आणि जहाज कललं की पुन्हा उतरणार. सांगूनही उतरणार, टाके असतानाही उतरणार. मी त्याच्या खाटेजवळून हललो नाही. औषधांचा कागद उघडला आणि पुढची गोळी किती वाजता द्यायची ते वाचायला लागलो.