गोंड्याच्या दोऱ्यानं शिवलेली पोती

नोकरी संपून काही वर्षं झाली, तरी दागिन्यांची ती तक्रार आठवली की भाजी निवडतानाही मला एकटीलाच हसू येतं. नावं मात्र सांगणार नाही.

तेव्हा मी माजलगाव भागातल्या एका ठाण्यात महिला हवालदार होते. चौसाळ्याच्या एक निवृत्त शिक्षिका तक्रार अर्ज घेऊन आल्या. गळ्यात नवी ठुशी होती. मोबाईलवरून दागिने विकणाऱ्या दोन बायकांकडून त्यांनी ती मागवली होती. त्या दुकानाच्या पेजवर लिहिलं होतं की विक्रीतला वाटा ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या वसतिगृहाला जातो. बाई कौतुकानं वसतिगृह पाहायला गेल्या, तर तिथं कुणाला दुकानाचं नावही ठाऊक नव्हतं.

"ही सरळ फसवणूक आहे. लिहून घ्या."

ठाणे अंमलदारानं विचारलं, "मग ठुशी जमा करायची का?"

बाईंनी गळ्यावर हात ठेवला. "ठुशी चांगली आहे हो! प्रश्न दानाचा आहे."

साहेबांनी अर्ज चौकशीसाठी माझ्याकडं दिला.

आधी वसतिगृहात गेले. अधीक्षिका म्हणाल्या, "त्या बायकांकडून आम्हाला काहीच आलेलं नाही." कोठीत ज्वारीची पोती दिसली. ती कुणाची विचारलं, तर म्हणाल्या, "टेंपोवाला आणून टाकतो. कुणी दिली ते सांगत नाही. जवळच्या दर्ग्याकडून येत असतील." पोत्यांची तोंडं सुतळीऐवजी तांबड्या रेशमी दोऱ्यानं शिवलेली होती. पोत्याला एवढा नखरा कशाला, असं वाटलं आणि मी पुढं निघाले.

स्त्रीचा जबाब तिच्या घरी जाऊनच घ्यायचा, असा नियम आहे; म्हणून दुकानाच्या पत्त्यावर गेले. दुकान एका शेतकऱ्याच्या ओसरीवर चालायचं. घरची सून फोटो काढायची, ऑर्डरी घ्यायची. दागिने ओवायला गावातली एक वयस्कर पटवेगार बाई यायची. तिला सगळे आपा म्हणत. मला बघताच बाजेवरचा सासरा उठून बसला.

"आले बघा पोलीस दारात! मी म्हणलतो, ह्यो मोबाईल घर बुडवंल. काही खोटं निघालं तर त्याला आजच हिरीत टाकतो आन दुकान बंद!"

सून पांढरी पडली. मी तिला विचारलं, "वाटा कुठं जातो?"

"देतो आमी, ताई."

"कुणाला?"

"ते सांगता येत न्हाई. आपांची शपथ हाय."

मला फार बोलता येत नाही. प्रश्न विचारून मी गप्प बसते. खोटं बोलणाऱ्याला ती शांतता सोसत नाही, तो आपणच बोलू लागतो. ही पोर मात्र डोळे पुसत बसून राहिली. सासरा मोबाईलकडं बघत होता. शेजारी आपा पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ठुशीचा गोंडा वळत होती. तांबडा रेशमी दोरा.

"आपा, वसतिगृहातल्या पोत्यांची तोंडं तुम्हीच शिवता का?"

"सुतळी सापडली न्हाई, बाई. हाताला लागला त्यो दोरा..." तिचा हात थांबला. "या अल्ला!"

सून रडता रडता हसली. "मी न्हाई हां सांगितलं, आपा! तुमीच सांगितलं."

मग सगळं बाहेर आलं. नाव सांगायचं नाही, अशी आपानं अट घातली होती. "लेकरं जेवताना आमच्यापुढं मान खाली घालत्याल. तसलं देणं काय कामाचं?"

"मग पेजवर कसं लिहिलं?"

"कुठं लिवलंय?" आपाला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तिनं अर्धा गोंडा सुनेच्या अंगावर फेकला. "कावून लिवलंस गं?"

"माल खपावा म्हणून, आपा."

"आन मी येडी शपथा घालत बसले!"

सासऱ्याला भलतीच शंका आली. "ज्वारी कुठली?"

"आडत्याकडून घेतली, मामंजी. तुमी त्येला घातलेलीच."

"माझीच ज्वारी? मग घरात मागायची न्हाई? उगं आडत्याची भर केली!"

टेंपोवाल्याचा आणि आडत्याचा जबाब जुळला. साहेबांनी अर्ज निकाली काढला. पण मी त्या दोघींना स्पष्ट सांगितलं, दानाच्या नावावर विकता, तर गिऱ्हाइकाला विचारायचा हक्क आहे. शेवटी असं ठरलं की अधीक्षिकेनं पोच द्यायची, ती पेजवर टाकायची, आणि मुलींना काही कळू द्यायचं नाही. शिक्षिकाबाईंनी मैत्रिणींसाठी आणखी ठुशा मागवल्या.

गप्प बसलेला माणूस दिसला की पोलिसाला आधी गुन्हा दिसतो. मलाही तसंच वाटायचं. त्या ओसरीनंतर मी गप्प माणसापाशी जरा जास्त वेळ बसायला शिकले. कुणी चोरी लपवतं, कुणी चांगुलपणा. चेहरा दोघांचा सारखाच असतो. चौकशी मात्र दोघांचीही करावी लागते.

पुढं बंदोबस्तावरून येताना वसतिगृहापाशी ट्रॅक्टर दिसला. सासरा स्वतः पोती उतरवत होता. एका मुलीनं विचारलं, "आजोबा, कुणी पाठवली हो?"

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पोतं खांद्यावर घेतलं.

"मला काय म्हाईत, बाय? मी नुसता गाडीवाला."