बर्डीवरचं काचेचं दार

बर्डीच्या मेन रोडवर एका साडीच्या दुकानात मी सेल्समन होतो. सत्तर सालच्या सुमारास तिथल्या दुकानांना दारं नव्हती. सकाळी फळ्या काढल्या की पांढरी गादी थेट फुटपाथला भिडायची. माल जप्त करायला महापालिकेच्या अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की फुटपाथवाले आपलं गाठोडं आमच्या गादीवर टाकत, गाडी गेली की उचलून नेत. कुणी कुणाला विचारत नसे. बर्डीची ती रीतच होती.

आमच्यासमोर एक बांगडीवाली बसायची. विधवा, पन्नाशीची, एकटी कमावणारी. मला म्हणायची, "तुह्या नवरीले चुडा मीच भरतो गा भाऊ. पण बदल्यात नवं लुगडं लागन. तुमचं ते डागवालं नाही!"

मग दुकानं बदलू लागली. गाद्या जाऊन काउंटर आले. आमच्याकडे काचेचं दार आलं, त्याला आतून कडी. मालकांनी मात्र बजावलं होतं, "गाडी आली तर दार उघडं ठेवायचं."

त्या दुपारी मालक जेवायला गेले होते. माझ्या होणाऱ्या सासुरवाडीची मंडळी साड्या बघायला आली होती आणि मी, सगळं दुकान माझ्याच भरवशावर चालतं, असं त्यांना सांगत होतो. बाहेर एकदम पळापळ झाली. लग्नसराईचा सगळा माल भरलेली टोपली कवटाळून बांगडीवाली दाराशी आली.

"भाऊ, उघड गा! गाडी आली!"

"ओळखीची आहे का हो?" होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं.

"नाही," म्हणालो आणि कडी लावली.

टोपली कुणीतरी हिसकावली, फुटपाथवर आपटली. काचेमुळे आवाज फारसा आत आला नाही. हिरवा चुरा तेवढा दिसला.

आठ दिवसांनी ती आली.

"काहून नाही उघडलं गा?"

"मालकांनी मनाई केली होती."

"तरीच. तू नाही तसा."

बांगड्यांचा माल पुन्हा भरायचं बळ तिच्यात नव्हतं. ती लिंबं घेऊन बसू लागली. "फेकली तरी फुटत नाहीत," मला म्हणाली.

मालकांशी तिनं बोलणं टाकलं. आमच्या माठातलं पाणीही घेईना. ते बिचारे रोज तिला हाक मारायचे, ती मान फिरवायची. एकदा त्यांनी मलाच विचारलं, "हिचं मी काय बिघडवलं रे?"

मी साडीची घडी घालत राहिलो. पुढं ते वारले, तेव्हाही कुणालाच खरं सांगितलं नव्हतं.