पटकीच्या साथीतल्या थोरल्या बाई

माणूस जगावा म्हणून त्याला जीव नकोसा करून सोडणारी बाई मी जन्मात एकच पाहिली, आणि नेमकी तिच्याच हाताखाली माझी पहिली नेमणूक झाली. दिघीच्या खाडीकाठी पटकीची साथ आली होती. शाळा रिकामी करून तिथे दवाखाना मांडला होता, आणि नर्सा आम्ही दोघीच, त्या आणि मी. त्यांना सारे थोरल्या बाई म्हणत. अंगाने काटकुळ्या; आवाज मात्र खाडीपलीकडे आगरदांड्याला ऐकू जाईल असा.

रोज सकाळी रोग्यांच्या आधी त्या मला तपासत. वेणी सैल दिसली की पुन्हा घालायला लावत. बाहेर डोल्यांतून माणसं आणताहेत आणि आत मी भांग पाडतेय! "बाई, लोक मरताहेत," मी एकदा चिडून म्हटलं. "म्हणूनच नीट विंचर. शुद्धीवर येणाऱ्याला आधी तुझंच तोंड दिसणार आहे." कुणी दगावलं की कढत पाण्याने हात धुवायला लावून मला पानावर बसवायच्या. मी नुसता भात चिवडत बसले की आमटीत मीठ कमी म्हणून माझ्याशीच भांडण उकरून काढायच्या. मीही इरेला पेटायचे, आणि भांडता भांडता पान स्वच्छ व्हायचं. हा त्यांचा कावा होता हे कळायला मला पंधरा दिवस लागले. त्याआधीच एकदा कंटाळून मी राजीनामा लिहिला. त्यांनी तो वाचून शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि "नीट उतरवून आण," म्हणून परत दिला. उतरवायला वेळ कुठला मिळतोय!

रोग्यांचीही सुटका नव्हती. एका गलबतावरच्या तांडेलाच्या म्हाताऱ्या आईने, सून गेल्याचं कळताच तोंड मिटून घेतलं. "न्हाय पीत मी पानी. अल्ला बोलावतोय, जाऊ दे मला." थोरल्या बाई भांडं घेऊन तिच्या खाटेवरच बसल्या. "जा की! पण माझी पाळी चालू असताना नाही. संध्याकाळी मी सुटते, तेव्हा जा."

संध्याकाळ झाली. पाळी बदलायला मी दारात उभी, तर मला डोळ्यांनीच हाकललं.

"अजून सुटली न्हाय व्हय तू?" म्हातारीने विचारलं.

"बदलीची बाई आली नाही. तोवर हा एक चमचा घ्या."

असे किती चमचे झाले कोण जाणे. दुसऱ्या दिवशी म्हातारी उठून बसली आणि तिने थोरल्या बाईंना सणसणीत शिव्या घातल्या. बाईंचा चेहरा असा खुलला, जणू कुणी ओटी भरली.

साथ ओसरली. शाळा धुऊन निघाली आणि एका दुपारी आम्ही होडीत बसलो. निम्म्या खाडीत थोरल्या बाईंचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. इतक्या दिवसांत त्यांना झोपलेलं मी पाहिलंच नव्हतं. हलकं होतं हो डोकं, पोरीसारखं. होडी धक्क्याला लागली, उतारू उतरले. नावाड्याने हाक मारायला तोंड उघडलं, तशी मी त्याला हातानेच गप्प केलं. तो दोर धरून बसून राहिला.